बोलकं लाकूड

४ जानेवारी

धाकट्या,

पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल, तर आधीच सांगते, सगळे जागच्या जागी आहेत. फोन केला असता, पण घरातून केला तर आप्पा ऐकतात, त्यांचे कान अजून शाबूत आहेत. ड्युटीवर असताना दवाखान्यातून करावा, तर तुझ्या कारखान्यात करवत चालू असते आणि तू नुसतं "काय? काय?" करतोस. म्हणून हे पत्र. उत्तरही दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव.

बातमी अशी, की आप्पांनी काहीतरी मागितलं आहे.

माझ्याकडे राहायला आल्यापासून, म्हणजे हाताची थरथर आता जाणार नाही आणि हत्यारं लांब ठेवा असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून, त्यांनी एकदाही काही मागितलेलं नाही. चहा हवा का म्हटलं तर "ठेव". फिरायला येता का म्हटलं तर "तू जा". दिवसभर कपाटाकडे तोंड करून बसतात. पन्नास वर्षं लाकडात गेलेल्या माणसाला मी वाचायला वर्तमानपत्र देते, ते घडी न मोडता परत येतं.

परवा संध्याकाळी मी घरी आले, तर ते मान वर करून छताकडे बघत होते. मला वाटलं पाली. पण वरच्या मजल्यावर गिटारची मास्तरीण राहायला आली आहे, तिची शिकवणी चालू होती. मला म्हणाले, "ते काय आहे?" मी म्हटलं, गिटार. "कशाची असते?" लाकडाची. "कुठल्या?" मला काय माहीत. मग धाकट्या, ज्यांना जेवायला उठवताना माझ्या नाकी नऊ येतात, ते उठले आणि जिना चढून गेले. मी मागे पळत.

मास्तरणीने त्यांच्या मांडीवर गिटार ठेवली. त्यांनी तारांना हात लावला नाही. पुढच्या फळीवर पंजा टेकवला आणि म्हणाले, "आता वाजव." तिने वाजवली. किती तरी वेळ त्यांचा हात तिथेच होता. खाली आल्यावर पाणी मागून घेतलं आणि बोलले, "आयुष्यभर मी लाकूड गप्प बसवलं. दार कुरकुरलं की माझी मान खाली. खण वाजला की परत रंधा. आणि हे लोक त्याच लाकडाला बोलायला लावतात. मला एक पाहिजे. मला शिकायचंय."

मी तेव्हापासून हरखून गेले आहे. लाकूड तुला कळतं, म्हणून गिटार तू निवडायची. नाही म्हणू नकोस आणि विनोद करू नकोस.

ताई


१२ जानेवारी

ताई,

नमस्कार. विनोद करत नाही, पण मला थोडं बसून घ्यावं लागलं एवढं सांगतो. आप्पा आणि गिटार? बातम्या संपल्या की रेडिओ बंद करणारे आपलेच ना ते? आपण दोघं लहानपणी डबे वाजवायचो, तेव्हा डबे माळ्यावर टाकणारे?

आता मनातलं सांगतो. मला भीती वाटते. गिटारवर बोटं दाबून धरावी लागतात, तीही नेमक्या जागी. ज्या हातांनी आता कप धरवत नाही, त्या हातांना आपण नवीन कला शिकवायला निघालोय. हत्यारं हातातून काढून घेतली, तेव्हा मी समोर होतो. त्यांनी फक्त पटाशी पुसून माझ्या हातात दिली. परत तसंच झालं तर? "हेही जमत नाही" असं त्यांना आणखी एकदा कळायला आपणच वस्तू विकत आणून द्यायची का?

मी एक सुचवतो. मी त्यांच्यासाठी खुर्ची करतो. हातांना टेकू देणारी, पाठीला बाक असलेली. लाकूड आहे, वेळही काढतो. खुर्ची कधी कुणाला नापास करत नाही.

आणि खरं सांग, कप धरतात का?

धाकटा


१८ जानेवारी

धाकट्या,

खुर्ची नको. खुर्चीत बसूनच तर त्यांचं हे झालंय.

कप धरतात. अर्धा भरलेला असेल तर धरतात.

मास्तरणीला विचारलं. बाई वयाने माझ्या मुलीएवढी आहे, पण आप्पांना शिकवायचं म्हटल्यावर डोळे मोठे झाले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाली, शिकाऊ माणसाला लोक हमखास चकचकीत बघून गिटार देतात आणि बोटं सोलून निघाली की ती गिटार पलंगाखाली जाते. आप्पांना नायलॉनच्या तारांची घे, लोखंडी तारा बोटात रुततात. तारा दांडीच्या फार वर नसाव्यात, नाहीतर दाबायला जोर लागतो. पोट फार फुगीर नको, हात वरून सहज पडला पाहिजे. आणि कुणाला तरी वाजवायला लावून डोळे मिटून ऐक. मी म्हटलं, आमचा धाकटा ऐकत नाही, तो ठोकून बघतो. ती म्हणाली, मग ठोकूनच बघू देत.

आप्पा आता रोज शिकवणीच्या वेळी स्वतःहून दाढी करून बसतात. यंत्राने करतात, घाबरू नकोस. "आली का?" असं विचारतात. मी म्हणते, धाकटा निवडतोय. त्यावर म्हणाले, "मग बरी निवडेल."

हे तुला सांगायचं नव्हतं, डोक्यात हवा जाईल. पण सांगितलं.

ताई


३ फेब्रुवारी

ताई,

"मग बरी निवडेल" हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं. तिने पत्र हातातून घेऊन स्वतः वाचलं, तेव्हा तिचा विश्वास बसला. माझ्या कामावर आप्पांनी आजवर फक्त पंजा फिरवला आणि पुढे गेले. त्याचा अर्थ "चालेल" असा मी लावत आलो.

तर दुकान. मी गेलो होतो तासाभरासाठी आणि बायको शोधायला आली तेव्हा बाहेर पडलो. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, आणि काउंटरवर एक जाडजूड बाई, तिचं वाजवणं ऐकलं की ती मालकीण आहे की कोण हे विचारायचं सुचतच नाही. मी आधी आपल्या सवयीने सगळ्यांत जड गिटार उचलली आणि म्हटलं, ही मजबूत दिसते. ती म्हणाली, "मजबूत आहे खरी. दार करायचंय का?" मग तिने एक हलकी गिटार हातात दिली. ताई, तिला वजनच नाही. मला वाटलं, आत काहीतरी भरायचं राहिलंय.

मी खिशातला आरसा आणि बॅटरी काढली आणि भोकातून आत बघितलं. तिथे मी गार पडलो. पुढची फळी वहीच्या पुठ्ठ्याएवढी. आपण कपाटाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून लावतो ती फळीसुद्धा यापेक्षा जाड असते. आतून काड्यांसारख्या बारीक पट्ट्या पंख्यासारख्या पसरलेल्या, बस्स. आणि या एवढ्याशा फळीला सहा तारा एकसारख्या ओढतायत. तारा जिथे बांधतात त्या पट्टीला घोडी म्हणतात. बाई म्हणाली, घोडीवरचा एकूण ताण एखाद्या थोराड मुलाच्या वजनाएवढा असतो, रात्रंदिवस. इतकी वर्षं लाकडाशी झगडतोय, पण लाकूड इतकं पातळ राहून इतकं सोसतं, हे मला माहीत नव्हतं. तिने एकच तार छेडली आणि मी फळीवर हात ठेवला. आप्पांचा हात तिथेच का राहिला असेल ते कळलं. हाताखाली काहीतरी जिवंत होतं.

तीच घेतली. नायलॉनच्या तारा, लहान पोट, तारा दांडीला लगटून. तुझ्या मास्तरणीच्या परीक्षेत पास होईल.

घोडीच्या मागे फळी जराशी फुगली आहे. बाई म्हणाली, ती तशीच असते, ताणामुळे. असो. मी घरी आणून एक किरकोळ काम केलंय, बाहेरून दिसणार नाही, काळजीचं कारण नाही. खोका मीच बांधलाय, त्यामुळे उघडायला तुला पहार लागेल.

धाकटा


१४ फेब्रुवारी

धाकट्या,

खोका उघडायला वरचे, खालचे आणि दूधवाला एवढे लोक लागले. आप्पा दारात उभे होते. गिटार बाहेर काढली, तेव्हा त्यांनी आधी मागची बाजू बघितली, मग सांधे, मग दांडी. तुझ्यासारखंच. मग बसले, मांडीवर घेतली आणि अंगठ्याने वरची तार छेडली.

आवाज आला, पण तो आवाज नव्हता. बंद दारावर कुणी टकटक करावं तसा, आला आणि संपला. त्यांनी पुन्हा छेडली. मग दुसरी तार. मास्तरणीने स्वतः वाजवून बघितली, तारा नीट लावल्या, पुन्हा वाजवली. तिचा चेहरा पडला, पण ती म्हणाली, नवीन वाद्य मोकळं व्हायला वेळ घेतं. ती चांगली मुलगी आहे, पण तिला खोटं बोलता येत नाही.

आप्पा म्हणाले, "वाद्याचं काही नाही. धाकट्याने निवडलंय ते. माझ्या हातात बोलत नाही." आणि गिटार भिंतीला टेकवून ठेवली.

आता मी तुझ्यापासून लपवलेलं सांगते. कप ते धरत नव्हते. मीच धरत होते. गिटारचं नाव काढायच्या आधी त्यांनी जेवणही जवळजवळ सोडलं होतं. दवाखान्यात मी असे लोक बघते. त्यांना आजार म्हणावा असा नसतो, ते फक्त थांबायचं ठरवतात. मी नर्स आहे, मला ते ओळखता येतं, आणि म्हणूनच तुला सांगायची हिंमत झाली नाही. गिटारची वाट बघत होते तेवढे दिवस ते दोन्ही वेळ जेवले, दाढी केली, जिना चढले. परवापासून पुन्हा कपाटाकडे तोंड. ताट तसंच परत येतं.

ते समजतायत की दोष त्यांच्या हातांचा आहे. म्हणून सरळ विचारते, मोठी बहीण म्हणून. ते किरकोळ काम काय केलंस?

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

चुकलेले हात त्यांचे नाहीत, माझे आहेत. हे पत्र हातात पडल्या पडल्या घरी जा आणि त्यांना एवढंच सांग.

फळी फुगलेली बघून मला राहवलं नाही. आप्पांचा हात थरथरतो, गिटार कुठे आदळली, त्यांनी चुकून जोर दिला, तर ती पुठ्ठ्याएवढी फळी त्यांच्याच हातात मोडेल असं डोळ्यांसमोर आलं. म्हणून तारा सैल केल्या, भोकातून हात घातला आणि घोडीच्या मागे आतून एक आडवी पट्टी चिकटवली. बोटभर जाड, चांगल्या कडक लाकडाची. टेकू देऊन रात्रभर दाबून ठेवली. फुगवटा गेला. मी स्वतःवर खूश होतो, ताई. कपाटाचा खण वाजत असेल तर आपण जे करतो तेच केलं, आणि ते इतकं छान जमलं की लाकूड गप्प बसलं.

तुझं पत्र घेऊन दुकानात गेलो. बाईंनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, ती फळी हलते म्हणून तर आवाज आहे. पट्टी काढली तर आवाज परत येईल, पण काढताना पुढची फळी चिरली तर संपलं.

हातात घेतलेलं काम पुढच्या आठवड्यात पोचतं करायचं आहे, ते झालं की मी येतो आणि काढतो. तोवर कुणी हात लावू नका. पट्टी सरसाने चिकटवली आहे, पांढऱ्या गमाने नाही; सरस ऊब लागली की सुटतो. आप्पा म्हणायचे, जे कधी सोडवावं लागेल तिथे सरस वापर. तेवढं एक बरं झालं.

ते जेवतायत का ते कळव.

धाकटा


२८ फेब्रुवारी

धाकट्या,

यायची घाई करू नकोस. बस, आणि हे सावकाश वाच.

तुझं पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "हात त्यांचे नाहीत, माझे आहेत" इथे त्यांनी मान वळवली. "आण इकडे," म्हणाले. मी गिटार दिली. त्यांनी बोटाच्या गाठीने फळीवर ठोकत नेलं, भोकापासून घोडीपर्यंत, आणि एका जागी थांबले. "इथे आहे." मग मला तारा सैल करायला लावल्या आणि हात आत घातला. बराच वेळ चाचपत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि धाकट्या, ते हसायला लागले. इतके हसले की खोकला आला. म्हणाले, "चारी कडा गोल केल्यात गाढवाने. काचपेपर मारलाय. आत, अंधारात, जिथे कुणाचा बाप बघणार नाही तिथे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मी असंच काम करायचो." त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

मग मला म्हणाले, गरम पाणी आण आणि लोणी लावायची सुरी आण. मी म्हटलं, धाकटा येऊन करेल, डॉक्टरांनी काय सांगितलंय. ते म्हणाले, "ती सुरी बोथट आहे. हत्यार नाही." मी दोन्ही आणली. मास्तरणीलाही खाली बोलावलं, म्हटलं, जे व्हायचं ते साक्षीने होऊ दे.

सुरी त्यांनी जिन्याच्या कठड्यावर दाबून थोडी वाकवली. गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, भोकातून आत न्यायची आणि पट्टीच्या कडेला लावायची. त्यांचा हात थरथरत होता, नेहमीसारखाच. मला वाटत होतं आता फळी जाणार, आणि फळी गेली तर हा माणूसही जाणार. पण आप्पा त्या थरथरीला अडवत नव्हते. इतके दिवस ते तिला अडवत होते, मुठी आवळून, मांडीखाली हात दाबून. आता त्यांनी तिला तसंच चालू दिलं. सुरी केसाकेसाने पुढेमागे होत होती, भराभर, आणि मऊ झालेल्या सरसात आपली आपण शिरत होती. म्हणाले, "जोर लावला तर चिरेल. हिला जोर नको, हेच पाहिजे." मी आयुष्यात पुष्कळ ऑपरेशनं बघितली आहेत. असा हात बघितला नाही. मला हात जोडावेसे वाटले, खोटं कशाला सांगू.

चहा किती वेळा गार झाला देव जाणे. मग आत "टक" झालं. मास्तरणीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. आप्पांनी हात बाहेर काढला तो पट्टीसकट. फळीवर ओरखडा नाही.

मास्तरणीने तारा लावल्या आणि गिटार त्यांच्याकडे दिली. स्वतः वाजवून बघितली नाही, हे मी तिचं कधी विसरणार नाही. आप्पांनी अंगठ्याने वरची जाड तार छेडली.

कसं सांगू? खोली भरली. टेबलावरच्या भांड्यातलं पाणी हललं, मी बघितलं. आवाज गेला असं वाटावं तर तो अजून असायचा. आम्ही तिघांनी तो पूर्ण संपेपर्यंत ऐकला. मग आप्पांनी एका बोटाने तार दांडीवर दाबली आणि पुन्हा छेडली, तर त्यांच्या थरथरीने तो सूर हलायला लागला, गाणाऱ्याच्या गळ्यासारखा. मास्तरीण हळूच म्हणाली, "हे मी मुलांना दोन दोन वर्षं शिकवते."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे हे चालतं?"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले. परत आले तेव्हा ते म्हणाले, भूक लागली.

ताई


९ मार्च

(आप्पा सांगतायत, मी लिहितेय. कंसातलं माझं. ताई)

लेका,

पट्टी चुकीच्या जागी बसवलीस, पण बसवलीस नीट. सोडवताना घाम फुटला. सरस उत्तम शिजवलेला होता. (हे त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं, बरोबर लिहिलंय ना म्हणून.)

गिटार चांगली निवडलीस. हलकी घेतलीस हे धाडस केलंस. मी गेलो असतो तर जड घेतली असती.

शिकवणी चालू आहे. माझ्याबरोबर दोन लहान मुली आहेत, त्या माझ्या पुढे आहेत. एक सूर येतो, दुसऱ्यावर जाताना बोट हुकतं. शिकाऊ माणसाचं असंच असतं. तू सुरुवातीला रंधा उलटा धरायचास, मी काही बोललो नव्हतो. (बोलले होते. मला आठवतंय.) मास्तरीणबाई म्हणतात, बोटांना घट्टे पडले की सोपं जाईल. मी त्यांना माझे तळवे दाखवले. त्या म्हणाल्या, हे चुकीच्या जागी आहेत, नवीन पाडा. पाडतोय.

आता काम सांगतो. ही गिटार मी पुष्कळ चाचपून बघितली. आत कशा पट्ट्या आहेत ते हाताला पाठ झालंय. एक आपण करायची. कापाकापी तू कर, फळी किती पातळ ठेवायची ते मी ठोकून सांगेन. तेवढ्यासाठी धड हात लागत नाहीत.

वखारीत जा. देवदाराच्या जातीचं, सरळ आणि दाट रेषांचं लाकूड काढायला सांग. गाठ नको. प्रत्येक फळी एका टोकाला दोन बोटांत धरून लोंबती ठेव आणि ठोक. गप्प बसेल ती परत ठेव, मग ती दिसायला कितीही देखणी असो. बोलेल ती घे. भट्टीत वाळवलेली घेऊ नकोस, तिचा जीव गेलेला असतो. ओलीच घे. चिरून, मधे काड्या घालून, वारा लागेल अशी सावलीत रचून ठेव. पूर्ण वाळेपर्यंत, सहा वर्षं, तिला हात लावायचा नाही. सात राहिली तर उत्तम.

(इथे मी लिहायची थांबले आणि त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, बघतेस काय, लिही.)

मधेच कुणी गिऱ्हाईक मागायला आलं तरी देऊ नकोस. तूही घाई करू नकोस. मला घाई नाही.

आप्पा